दुसरा साक्षीदार

नानांनी पहिल्या भेटीत माझे नाव विचारले, गाव विचारले, नोकरी विचारली आणि चौथा प्रश्न केला, "मृत्युपत्र केलंय का?"

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. नगरच्या लोकल बोर्डात कारकून म्हणून नुकताच लागलो होतो आणि माळीवाड्यात नानांच्या घरातल्या समोरच्या दोन खोल्या भाड्याने मागायला आलो होतो. हातात ट्रंक, मागे बायको, तिच्या कडेवर मुलगी. लढाईचे दिवस होते. लष्कराचे ठाणे असल्यामुळे भिंगारपासून माळीवाड्यापर्यंत एक कोनाडाही रिकामा मिळत नव्हता. घरमालक जे विचारील त्याला हो म्हणायचे असे मी ठरवून आलो होतो. पण या प्रश्नाला काय म्हणावे ते कळेना. मी म्हणालो, "माझ्याकडे आहे काय लिहून ठेवायला?"

"ही ट्रंक कुणाची?"

"माझी."

"आत काय आहे?"

"कपडे, चार भांडी."

"उद्या सकाळी तुम्ही उठला नाहीत, तर ती भांडी कुणाची? हिची, का तुमच्या थोरल्या भावाची?"

बायकोने पदर तोंडाला लावला. नाना तिच्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "घाबरू नको, बाळ. लिहून ठेवलं म्हणून कुणी मरत नाही. न लिहिता मेलेले मात्र पुष्कळ पाहिलेत मी." मग त्यांनी किल्ली दिली.

त्यांचे खरे नाव मी लिहीत नाही. गल्लीत सगळे नाना म्हणत. आयुष्यभर त्यांनी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत कारकुनी केली होती आणि पेन्शन घेतल्यावर ते ओट्यावर चटई टाकून लोकांची मृत्युपत्रे लिहून देत. पैसा घेत नसत. "खरेदीखताचे घेईन," म्हणत, "तिथं दोघंही जिवंत असतात." लोक एकमेकांना चहा झाला का विचारतात तसे ते चाळिशी उलटलेल्या कुणालाही, भर कापडबाजारात, "तुमचं झालं का लिहून?" म्हणून हटकत. त्यामुळे ओळखीची माणसे त्यांना पाहून गल्ली बदलत.

कचेरीत जन्म गेल्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू चतुःसीमेशिवाय दिसत नसे. आतल्या घरात गयाबाई स्वयंपाक करत असत. नाना ओट्यावरून ओरडत, "गयाबाई, तपकिरीची डबी! खिडकीत. पूर्वेस कंदील, दक्षिणेस भिंत, पश्चिमेस माझा चष्मा."

आतून आवाज येई, "अन् उत्तरेला?"

"उत्तरेस मोकळी जागा."

"मंग तिथं मांजर बसलं आसंल."

पत्र लिहून झाले की उरलेल्या कोऱ्या जागेवर ते तिरकी रेघ मारत आणि खाली 'लेख समाप्त' असे लिहीत. वाण्याच्या यादीलाही तोच नियम. गूळ, मीठ, काडेपेटी, लेख समाप्त. वाणी एकदा वैतागून म्हणाला, "नाना, मी काय तुमच्या यादीत हत्ती घुसडणार आहे का?"

"तुम्ही नाही घुसडणार," नाना म्हणाले. "पण कोरी जागा असली की कुणीतरी घुसडतोच."

मृत्युपत्र लिहायला आलेला माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे पाहण्याची त्यांची रीत वेगळीच होती. वार, तिथी, मुलांची नावे विचारून भागत नाही, असे त्यांचे मत. पढवून आणलेला माणूसही तेवढे सांगतो. ते समोरच्याला चिडवत. एका निवृत्त फौजदाराला त्यांनी विचारले, "तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्यात का पीठ लागलंय?" फौजदाराने काठी उचलली. नाना शांतपणे दौतीचे झाकण काढत म्हणाले, "शुद्धीवर आहेत. बोला, काय लिहू?"

हे सगळे ऐकायला गमतीचे वाटते. पण त्या ओट्यावरून माणसे हसत गेलेली मी फारशी पाहिली नाहीत. पाथर्डीकडचा एक म्हातारा शेतकरी आला होता. थोरला मुलगा विचारत नाही, तेव्हा सगळी जमीन धाकट्याला लिहून द्यायची, असे त्याच्या मनात. नानांनी विचारले, "जमीन कुणाची?"

"माजी."

"तुमच्याकडे कुठून आली?"

"बापाकडनं. बापाला त्याच्या बापाकडनं."

"मग ती तुमची नाही. पोरं जन्मली त्या दिवशीच त्यांचा हिस्सा पडला. वाटणी झाल्याशिवाय तुम्हाला त्यातलं ढेकूळही लिहून देता येणार नाही."

म्हातारा बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत बसला. "साठ वर्सं म्या कसलंय की हो ते," तो म्हणाला. "दोन हिरी खांदल्या. अन् माजं न्हाई?"

"तुम्ही सांभाळलंत. सांभाळणं वेगळं, असणं वेगळं."

म्हातारा उठून गेला. मी म्हणालो, "नाना, जरा बेतानं सांगायचं." ते म्हणाले, "मी बेतानं सांगितलं असतं, तर तो दुसऱ्या कुणाकडून खोटा कागद लिहवून घेऊन निर्धास्त मेला असता. मग पोरांनी एकमेकांची डोकी फोडली असती. आता निदान झोप उडेल त्याची."

झेंडीगेटच्या एका बागवानालाही त्यांनी असेच परत पाठवले होते. त्याला सारे काही धाकट्या मुलाला द्यायचे होते. नानांनी सांगितले की तुमच्या शरीयतीप्रमाणे वारसांपैकी एकालाच जास्त द्यायचे, तर बाकीच्या वारसांची मान्यता लागते, आणि बाहेरच्याला द्यायचे तर तिसऱ्या हिश्शापलीकडे देता येत नाही. बागवान मान्यता मागायला घरी गेला आणि बाकीच्या मुलांना बापाच्या मनात काय आहे ते कळले. त्या वर्षी ईदला त्या घरात चार चुली पेटल्या. बागवान परत कधी ओट्यावर आला नाही. नानांना याचे काही वाटले असेल तर त्यांनी दाखवले नाही. कायदा त्यांनी केला नव्हता, ते फक्त तो वाचून दाखवत होते. पण वाचून दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला आवडत नसे.

स्वतःचे मृत्युपत्र ते दरवर्षी नवे करत. त्यांच्या पत्नी त्यांच्याआधी गेल्या होत्या. पितृपक्षात अविधवा नवमीला नाना त्यांचे श्राद्ध करत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवे मृत्युपत्र. पितृपक्षात लोक नवे काही करत नाहीत. नाना म्हणत, "मेलेल्यांना साक्षीला ठेवूनच लिहावं. ते काही मागत नाहीत." नव्यावर सह्या झाल्या की जुने मृत्युपत्र ते स्वतःच्या हाताने पाणी तापवायच्या बंबात घालत आणि त्या पाण्याने आंघोळ करत. "दोन कागद राहिले की दोन वकील येतात," असे त्यांचे म्हणणे.

साक्षीदार आम्ही दोघे. पहिले चाचा. झेंडीगेटजवळ त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि नानांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता, कारण त्यांनी आयुष्यात कधी 'अंदाजे' हा शब्द वापरला नव्हता. दुसरा मी.

पहिल्या वर्षी नानांनी मला समोर बसवून शाळेतल्या मुलासारखे शिकवले. "साक्षीदारानं काय करायचं? लिहिणाऱ्याचा हात पाहायचा. मी सही करताना तुम्ही पाहिलं पाहिजे. पाहिलं नसेल, तर मला विचारायचं, ही सही तुमचीच का? मी हो म्हटलं पाहिजे. आणि मग तुम्ही सही करायची ती माझ्या डोळ्यांदेखत. ओट्यावर नाही, आतल्या खोलीत नाही, माझ्या डोळ्यांदेखत. असे साक्षीदार दोन. एकाचं जरी चुकलं तरी तो कागद चूल पेटवायच्या लायकीचा."

"रजिस्टर का करत नाही?" मी विचारले. "तुमचीच कचेरी आहे."

"मृत्युपत्राला रजिस्टर करायची सक्ती नाही," ते म्हणाले आणि त्यांनी दौतीचे झाकण लावले. मग म्हणाले, "आणि त्या कचेरीत गयाबाईंचं नाव मोठ्यानं वाचून हसणारे अजून बसलेत."

गयाबाई मिरजगावच्या. तरुणपणीच विधवा झालेल्या. नानांच्या पत्नी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचे करायला म्हणून आल्या आणि पत्नी गेल्यावर तिथेच राहिल्या. नाना त्यांना अहो-जाहो करत. गल्लीला तेही खटके. बायका नळावर जे बोलत ते मी इथे लिहीत नाही. मृत्युपत्रात नानांनी त्याचे उत्तर दिले होते. ते दरवर्षी आम्हाला वाचून दाखवत, त्यामुळे माझे पाठ झाले आहे. 'हे घर माझ्या स्वकष्टाचे असून ते मी गयाबाईस देतो. ती माझी कोणी लागत नाही, म्हणूनच लिहून द्यावे लागते. जे लागतात त्यांना कायदा देतो.'

लागणारा एकच होता, सख्ख्या भावाचा मुलगा. तो श्रीरामपूरकडे साखर कारखान्यात होता. नानांच्या घरी तो कधी यायचा नाही. त्याला दरवर्षी एकच वस्तू लिहिलेली असे, भिंतीवरचा आरसा. चाचा दरवर्षी हसत आणि म्हणत, "नाना, क्यूं छेडते हो बच्चे को?"

त्याच मृत्युपत्रात माझ्याबद्दलही एक कलम होते. समोरच्या दोन खोल्यांत गयाबाईंनी खानावळ चालवावी आणि त्यावर पोट भरावे, सबब भाडेकरूने माझ्या पश्चात सहा महिन्यांत त्या खोल्या सोडाव्यात. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा माझ्या हातातला टाक थांबला. नाना माझ्याकडेच पाहत होते.

"वाईट वाटलं?"

"नाही," मी म्हणालो.

"वाटू दे. म्हणूनच तुम्हाला निवडलंय. ज्याला कागदातून काही मिळतं, त्याच्या साक्षीवर कोर्ट बोट ठेवतं. तुमचं तर जातंय. ज्याचं नुकसान होतं तो माणूस 'सही खरी' म्हणाला, की समोरच्या वकिलाला विचारायला काही उरत नाही."

आपण काढलेली ही युक्ती त्यांना फार आवडली होती. पुढची तीन-चार वर्षे ते ती सर्वांना सांगत. माणूस नुकसान सोसूनही खरे बोलेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. सगळ्या जगाच्या कोऱ्या जागेवर रेघ मारणाऱ्या या माणसाने माझ्यात तेवढी एक जागा मोकळी सोडली.

मला ते कलम दरवर्षी बोचत असे. नगरमध्ये जागा मिळत नव्हती, मला दुसरी मुलगी झाली होती, आणि गयाबाई माझ्या मुलींना आपल्या ताटातली भाकरी कुस्करून भरवत असताना मी मनात हिशेब करत असे की ही बाई उद्या आपल्याला बाहेर काढणार आहे. त्या स्वतः एकदा म्हणाल्या होत्या, "नानांचं काय बी मनावर घेऊ नगा. मी काय कुनाला रस्त्यावर काढती व्हय?" पण मला त्यांचे ऐकायचे नव्हते. कागदात काय आहे ते मला माहीत होते.

शेवटच्या वर्षी नवमीच्या श्राद्धालाच नानांना ताप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाटेवर बसून सही केली. चाचांनी पाहिली, आपली सही केली आणि ते दुकान उघडायला गेले. मीही सकाळीच यायचा होतो, पण त्या दिवशी रेशनच्या दुकानात रॉकेल आले होते. मी रांगेत होतो. माझा नंबर जवळ आला तेव्हा पुढच्या माणसाला जागा धरायला सांगून मी घरी धावलो, डबा आणायला. डबा घेऊन निघताना गयाबाईंनी हाक मारली. "तुमची सही राह्यली. नाना वाट बगून बगून झोपले. म्हनले, आला की उठवा."

कागद दाराजवळच्या फळीवर होता. आत नाना भिंतीकडे तोंड करून झोपले होते. श्वास मोठा चालला होता.

"उठवू का?" गयाबाईंनी विचारले.

"नको. झोपू दे त्यांना. सही काय, मी इथंच करतो."

"समोर करा म्हनले हुते."

"आहेत की समोर. गयाबाई, माझी रांग जाईल." मी ओट्यावर बसून गुडघ्यावर सही केली. एका मिनिटाचे काम. कागद त्यांच्या हातात देत म्हणालो, "त्यांनी विचारलं, तर समोर केली म्हणून सांगा. उगाच परत सगळं लिहायला बसतील तापात."

रॉकेल मिळाले. आणखी काय काय मिळवायला माणूस धावतो, ते असो.

संध्याकाळी मी नानांना पाहायला गेलो. ते जागे होते, कागद छातीवर होता. गयाबाई पायाशी बसल्या होत्या. नानांनी त्यांना माझ्यासमोर विचारले, "यांनी सही केली ती माझ्यासमोर?"

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "व्हय."

नानांनी मान माझ्याकडे वळवली. "मला आठवत नाही. मी जागा होतो?"

"हो," मी म्हणालो. "तुम्ही मान हलवलीत."

"मान हलवली?"

"ताप आहे, नाना. म्हणून आठवत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. ते मला चिडवतील, माझी शुद्ध तपासतील, असे मला वाटले. पण ते थकले होते. "मग ठीक," म्हणाले. "गयाबाई, जुनं घाला बंबात."

ज्यावर माझी खरी, त्यांच्या डोळ्यांदेखत केलेली सही होती, तो गेल्या वर्षीचा कागद गयाबाईंनी माझ्यासमोर बंबात टाकला. आंघोळ करायची नव्हती, म्हणून त्यांनी त्या पाण्यात फडके पिळून नानांचे पाय पुसले. मी एक शब्द बोललो असतो तरी चालले असते. पाचव्या दिवशी नाना गेले.

दहाव्याला सीनेच्या काठावर पुतण्या आला होता. चांगले बोलणारा, नीटनेटका, माझ्याच वयाचा माणूस. कावळा शिवायची वाट पाहत सगळे बसले होते आणि अशा वेळी माणसे बोलतात तसे मीही बोललो. "शेवटी शेवटी नुसते झोपूनच असायचे. मी तर सहीलासुद्धा उठवलं नाही त्यांना." पुतण्याने फक्त "हो का?" म्हटले आणि नदीकडे पाहिले. हे माझ्या तोंडून निसटले असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. आता तसे सांगत नाही. मला माहीत नाही.

महिन्याभरात त्याने घराच्या ताब्यासाठी दावा लावला. गयाबाईंनी मृत्युपत्र कोर्टात दाखल केले. चाचा आपल्या सहीपुरते बोलू शकत होते. माझी सही झाली तेव्हा ते दुकानात होते. सगळे माझ्यावर आले. एका सकाळी गयाबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कधी आत येऊन बसत नसत, त्या दिवशीही बसल्या नाहीत.

"वकील म्हनले, तुमचं अन् माजं येक पायजे. मी कोर्टात 'समोर केली' म्हननार हाय. तुमी बी तेवढं म्हना, बाबा. मला दुसरं कायच न्हाई."

"काळजी करू नका," मी म्हणालो. आणि त्या वेळी मी ते मनापासून म्हणालो. हे लिहिणे मला अवघड जाते, पण मी तेव्हा खोटे बोलायला तयार होतो.

त्याच आठवड्यात पुतण्या माझ्या कचेरीत आला. पायऱ्यांवर उभे राहून आम्ही बोललो. तो म्हणाला, "तुम्ही खोटं बोला, असं मी म्हणणार नाही. नानांच्या घरातला मी. खरं असेल तेच सांगा."

मी हातातली फाईल दुसऱ्या हातात घेतली.

"घर माझ्याकडे आलं, तर मला काही नगरला राहायचं नाही. समोरच्या खोल्यांत तुम्ही आहात तसे राहा. हवं तर लिहून देतो."

"लिहून नको," मी म्हणालो.

"खऱ्या माणसाला बेघर करायचं पाप मी का करू?" तो हसला आणि निघून गेला. मी 'लिहून नको' म्हटले, हेच माझे उत्तर होते. ते त्यालाही कळले आणि मलाही.

गयाबाईंची साक्ष आधी झाली. पुतण्याच्या वकिलांनी विचारले, "यांनी सही केली तेव्हा मयत जागे होते?"

"व्हय. टकामका बगत हुते."

"काही बोलले?"

"मान हालवली."

माझेच शब्द. मी पिंजऱ्यात चढलो, शपथ घेतली. गयाबाईंच्याच वकिलांनी पहिला प्रश्न केला. मयतांच्या समोर तुम्ही सही केलीत ना? मी मुन्सफांकडे पाहिले, गयाबाईंकडे नाही. म्हणालो, "नाही. ते झोपले होते. मी बाहेर ओट्यावर सही केली."

कोर्टात कुजबुज झाली. वकिलांनी माझ्याकडे असे पाहिले की अजून ते डोळे मला दिसतात. त्यांनी फिरवून फिरवून विचारले, मी प्रत्येक वेळी खरे सांगितले. खरे सांगणे त्या दिवशी मला अतिशय सोपे गेले. कुठेही अडखळलो नाही. मला त्यातून काय मिळणार हे विचारायला कुणी उठले नाही, कारण खोल्या सोडायचे कलम कागदात असले, तरी नवा मालकही भाडेकरूला काढीलच असे सगळ्यांनी धरले होते, आणि पायऱ्यांवरचे बोलणे कुठल्याच कागदावर नव्हते.

मृत्युपत्र रद्द ठरले. निकालात माझ्याबद्दल एक वाक्य आहे, की या साक्षीदाराने कोणाचीही भीड न ठेवता सत्य सांगितले. गयाबाईंबद्दलही एक वाक्य आहे, की ही बाई स्वार्थापोटी शपथेवर खोटे बोलली. लोकल बोर्डात दोन-तीन जणांनी माझी पाठ थोपटली. हेडक्लार्क म्हणाले, "हल्ली असं कोण बोलतं?" मी घरी आलो, तर बायकोने काही न विचारता पान वाढले. तिने पायऱ्यांवरच्या त्या भेटीबद्दल कधीच विचारले नाही. बहुधा तिला कळले होते.

चाचा त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. माझे घड्याळ बंद पडले तेव्हा मी त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी ते उघडून पाहिले, मिटले आणि परत दिले. "इसमें कुछ खराबी नहीं," एवढेच म्हणाले. घड्याळ बंदच होते.

गयाबाई निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेल्या होत्या. एक बोचके, एक तांब्या. पुतण्याने म्हटले म्हणून मी ओट्यावर उभा होतो, काय घेऊन जातात ते पाहायला. हेही मी केले. त्यांनी बोचके सोडून दाखवले, मी न मागता. माझ्या धाकट्या मुलीने त्यांचा पदर धरला आणि सोडेना. त्यांनी एकेक बोट सोडवले.

चार वर्षांनी मी त्यांना भेटायला मिरजगावला गेलो. सांगून टाकायचे असे ठरवून गेलो होतो. पायऱ्यांवरचे बोलणे, 'लिहून नको' म्हटलेले, सगळे. भावाच्या घरामागे एका छपरात त्या राहत होत्या. डोळ्यांना कमी दिसू लागले होते, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. "मोठी आता किती झाली? न्हाती झाली आसंल," त्यांनी विचारले. चुलीवर चहा ठेवला. मी घरून तयार करून नेलेले वाक्य काढणार, तेवढ्यात त्याच बोलू लागल्या.

"तुमचा राग न्हाई बगा मला. तुमी खरं बोललात. कोर्टात देवाची शपत घेऊन कसं खोटं बोलनार मानूस?"

"गयाबाई, मी..."

"पाप माजं हाय. मरत्या मानसाला मी खोटं सांगितलं. समोर सही केली म्हनून. त्यांनी मला इचारलं, माज्यावर इस्वास ठेवून जुना कागद जाळाया लावला. तवा मी 'न्हाई' म्हनले असते, तर त्यांनी उठून परत सगळं लिवलं असतं. घर ऱ्हायलं असतं, त्यांचा शबुद ऱ्हायला असता. माज्या येका 'व्हय'नं गेलं सगळं. रोज रातीला त्येच येतं मनात." त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. "तुमाला तरी काय म्हनू? तुमी भले, म्हनून इतक्या लांब आलात."

त्यांना ते खोटे बोलायला मी सांगितले होते, हे त्या विसरल्या होत्या, की मुद्दाम मनातून काढून टाकले होते, मला कळले नाही. माझ्याकडे वेळ होता. मोटार यायला अजून अर्धा तास होता. छपरात आम्ही दोघेच होतो. तोंड उघडून एवढेच म्हणायचे होते, की गयाबाई, ते खोटे तुमचे नव्हते, माझे होते, आणि कोर्टातले खरेही माझे नव्हते.

मी म्हणालो, "चहा छान झालाय."

मग त्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मोटार आली तेव्हा त्यांनी कनवटीतून दोन बत्तासे काढून माझ्या हातावर ठेवले, मुलींसाठी. मी ते घेतले आणि नगरला, त्याच दोन खोल्यांत, परत आलो.